मोटारसायकलचे डॅम्पिंग जुळवताना: पहिल्यांदाच पेचाला हात लावणाऱ्यांसाठी

टीव्हीएसने २०२१ मध्ये अपाचे आरआर ३१० या गाडीसाठी जुळवता येणारे सस्पेन्शन जादा पैसे देऊन घेण्याची सोय केली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएम ३९० ड्यूकची तिसरी पिढी बाहेर पडली ती फोर्कवर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या नळ्यांवर, डॅम्पिंगचे पेच घेऊनच. तोपर्यंत असे पेच आपल्याकडे बहुधा मोठ्या आणि महागड्या गाड्यांवरच पाहायला मिळत. आता ते अनेकांच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर आहेत, परंतु ते कधी, किती आणि कोणत्या क्रमाने फिरवायचे हे सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून कित्येक जण ते कारखान्यातून आले तसेच ठेवतात किंवा ऐकीव सल्ल्यावरून एकदा फिरवून विसरून जातात. हे काम घरच्या अंगणात, एका मोजपट्टीच्या आणि एका वहीच्या साहाय्याने करता येते. मात्र त्यात क्रम सांभाळावा लागतो, आणि तो क्रमच मला या लेखात सांगायचा आहे.

स्प्रिंग आणि तेल यांची वाटणी

सस्पेन्शनमध्ये दोन वेगळी कामे चालतात. गाडीचा आणि स्वाराचा भार पेलणे हे स्प्रिंगचे काम आहे. खड्ड्यातून जाताना स्प्रिंग दाबली जाते, तिच्यात ऊर्जा साठते, आणि तिला मोकळे सोडले तर ती ऊर्जा परत देत गाडीला वर फेकते, पुन्हा खाली येऊ देते, पुन्हा फेकते. हे डोलणे थांबवण्यासाठी तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या ठेवलेला असतो. तेलाला त्या दट्ट्यातील बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या खालून वाट काढत जावे लागते, त्यात स्प्रिंगची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते आणि हालचाल शांत होते. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात याला अवमंदन म्हणतात. आपण गॅरेजमधला रुळलेला शब्द, म्हणजे डॅम्पिंग, वापरू. तेलाने दमन होणारा दुर्बिणीसारखा सरकता फोर्क १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर १२ या गाडीवर कारखान्यातून बसून आला, आणि आजच्या फोर्कचे मूळ तत्त्व तेच आहे.

दट्ट्या आत जातानाचा विरोध म्हणजे कॉम्प्रेशन डॅम्पिंग आणि तो परत बाहेर येतानाचा विरोध म्हणजे रिबाउंड डॅम्पिंग. तिसरा शब्द प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर ठरतो, तो पान्याने बदलत नाही. प्रीलोडने फक्त गाडी किती उंचीवर उभी राहते ते बदलते. हा फरक मनात पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण चुकीच्या उंचीची तक्रार डॅम्पिंगच्या पेचाने सोडवू पाहणे हीच नवख्याची सर्वांत मोठी फसगत असते.

पेचाला हात लावण्याआधी

टायरची हवा सर्वांत आधी, तीही सकाळी टायर थंड असताना, गाडीवरच्या पट्टीत किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्याप्रमाणे तपासावी. टायर हीदेखील एक स्प्रिंगच आहे, आणि हवा कमी असेल तर पुढचे सगळे निष्कर्ष खोटे ठरतात. त्यानंतर पुढचे चाक जमिनीपासून उचलून फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी मागे-पुढे हलवावे. तिथे खट्ट असा झोल जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतील बेअरिंग, सैल झाला आहे. मागचे चाक उचलून आडवे हलवावे. झोल असेल तर स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे लागेल. शेवटी फोर्कच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवावे. बोटाला तेलाचा ओलावा लागला तर ऑइल सील गेले आहे, आणि ते बदलेपर्यंत डॅम्पिंग जुळवण्यात अर्थ नाही. झिजलेल्या भागाची उणीव कोणताही पेच भरून काढत नाही.

मागच्या शॉकअपमध्ये बहुधा दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून बाहेरून फिरणाऱ्या पेचांपलीकडे तो घरी कधीही उघडू नये.

गाडी किती बसते

आपण गाडीवर बसलो की ती थोडी खाली बसते. या बसण्याला सॅग म्हणतात, आणि डॅम्पिंगच्या आधी तो मोजावाच लागतो. गाडी बसलेली असते म्हणूनच खड्डा आल्यावर चाक खाली उतरून रस्त्याला धरून राहू शकते. अजिबात न बसणारी गाडी प्रत्येक खळग्यावरून उडी मारते.

या कामाला तीन माणसे लागतात: एक स्वार, एक गाडी सरळ धरणारा आणि एक मोजणारा. मागच्या चाकाच्या आसाच्या बरोबर वर, गाडीच्या शेपटाकडील भागावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर खूण करावी. चाक जमिनीपासून पूर्ण उचलून, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण ताणलेले असताना, आस ते खूण हे अंतर मोजावे. मग गाडी जमिनीवर ठेवून स्वार नसताना मोजावे, आणि अखेर हेल्मेट, जाकीट, बूट असा नेहमीचा पूर्ण पोशाख चढवलेला स्वार दोन्ही पाय पायदाण्यांवर ठेवून, नेहमीसारखा बसलेला असताना मोजावे. शेवटचे माप दोनदा घ्यायचे असते: एकदा गाडी मागून हलकेच दाबून सावकाश वर येऊ देऊन, आणि एकदा हलकेच उचलून सावकाश खाली येऊ देऊन. सील आणि बुश यांच्या घर्षणामुळे या दोन आकड्यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून त्यांची सरासरी धरावी.

उदाहरण म्हणून माझ्या वहीतील एक पान देतो. चाक उचललेले असताना ५९० मिलिमीटर, गाडी नुसती उभी असताना ५७७, मी बसल्यावर ५३७ आणि ५४१, म्हणजे सरासरी ५३९. गाडी माझ्या वजनाने ५१ मिलिमीटर बसत होती. चाकाची एकूण हालचाल १५० मिलिमीटर असलेल्या गाडीत तिच्या साधारण तीस टक्के, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या आसपास सॅग असावा, असा रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचा ढोबळ हिशोब आहे; स्पोर्ट्स गाडीत तो ३० ते ३५ मिलिमीटरपर्यंत कमी ठेवतात. मी हूक पान्याने प्रीलोड एकेक टप्पा वाढवत, प्रत्येक वेळी पुन्हा मोजत ४५ वर आणला. यानंतर साखळीचा ढिलेपणा पुन्हा तपासावा, कारण मागची उंची बदलली की तोही बदलतो.

स्वाराचा सॅग बरोबर आला, परंतु नुसती गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ बसतच नाही असे दिसले, तर त्याचा अर्थ स्प्रिंग त्या स्वारासाठी मऊ आहे आणि आपण ती प्रीलोडने दाबून ठेवली आहे. नुसती गाडीच फार बसत असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. अशा वेळी योग्य स्प्रिंग बसवून घेणे हाच उपाय असतो. पुढच्या फोर्कला अनेक गाड्यांत प्रीलोडची सोयच नसते; तरीही पुढचा सॅग मोजून लिहून ठेवावा, पुढे तो उपयोगी पडतो.

क्लिक मोजणे

आता डॅम्पिंगचे पेच. कॉम्प्रेशनचा कोणता आणि रिबाउंडचा कोणता हे पुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण ही मांडणी गाडीगणिक वेगळी असते. काही फोर्कमध्ये एका पायात कॉम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड असतो, काहींत रिबाउंड वर आणि कॉम्प्रेशन तळाशी असते. मागच्या शॉकअपचा रिबाउंड बहुधा खालच्या टोकाला सापडतो. पेच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की तेलाची वाट अरुंद होते आणि डॅम्पिंग वाढते, उलट फिरवला की कमी होते.

पेचाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. मग दोन बोटांनी, किंवा गरज असेल तर बरोबर मापाच्या पेचकसाने, घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवत न्यावे. आत एक लहान गोळी खाचांतून सरकते. तिची टिक् ऐकू येण्याआधी बोटांना कळते. प्रत्येक टिक्, म्हणजे एक क्लिक, मोजत जावी. शेवटी पेच हलकेच टेकतो. तिथे थांबायचे, एक कणही जोर लावायचा नाही, कारण टोकाला असलेली नाजूक सुई आपल्या बैठकीत रुतली की त्यानंतरचा एकही क्लिक भरवशाचा राहत नाही. समजा टेकेपर्यंत ११ क्लिक झाले, तर वहीत ‘मागचा रिबाउंड, पूर्ण बंदपासून ११ बाहेर’ असे लिहावे आणि पेच पुन्हा ११ क्लिक उघडून जागेवर आणावा. मोजणी नेहमी पूर्ण बंद स्थितीपासूनच करतात. सर्व पेचांचे आकडे असे लिहून झाले म्हणजे आपल्याकडे परतीचा रस्ता तयार झाला, आणि पुस्तिकेतील मूळ आकडे त्याशेजारी लिहिले तर आधीच्या कोणी काय फिरवले होते तेही उघड होते.

३९० ड्यूकच्या फोर्कवर ५ क्लिक आहेत, तर २०२३ मध्ये आलेल्या जुळवता येणाऱ्या ३९० ॲडव्हेंचरच्या फोर्कवर ३०. पाच क्लिकच्या गाडीत एका क्लिकने होणारा बदल मोठा असतो, म्हणून एकेकच बदलावा. तीस क्लिकच्या गाडीत एका क्लिकचा फरक नवख्याला जाणवणार नाही, तिथे तीन-तीन क्लिकने सुरुवात करावी आणि फरक ओळखू येऊ लागल्यावर बदल लहान करत जावे.

चाचणीचा रस्ता

पुण्यात राहणाऱ्याने कोंढव्याकडून बोपदेव घाट चढून सासवडच्या बाजूला उतरावे आणि त्याच वाटेने परत यावे, असे मी सुचवतो. ज्याच्या जवळ घाट नाही त्याने चार-पाच किलोमीटरचा असा कोणताही ओळखीचा रस्ता निवडावा, ज्यात एक लांब वळण, एक गतिरोधक, थोडा खराब डांबरी भाग आणि जोरात ब्रेक लावता येईल असा मोकळा सरळ तुकडा आहे. दरवेळी तोच रस्ता, तोच वेग आणि शक्यतो तीच वेळ असावी, कारण पहाटेच्या गारव्यात तेल घट्ट असते आणि दुपारी पातळ. पहिली दहा मिनिटे चाचणीत धरू नयेत. हा सार्वजनिक रस्ता आहे. सस्पेन्शनचा बहुतेक स्वभाव ताशी ४० ते ६० किलोमीटरच्या वेगातच कळतो, त्यासाठी घाटात वेडेवाकडे चालवण्याची काही गरज नाही.

आणि एका फेरीत एकच पेच फिरवावा. पुढचा आणि मागचा रिबाउंड एकाच वेळी बदलला आणि गाडी सुधारली, तर कोणामुळे सुधारली ते कळत नाही. बिघडली तरी कळत नाही.

आधी रिबाउंड

माझ्या मते नवख्याने आपला निम्म्याहून अधिक वेळ रिबाउंडवर घालवावा. गाडी उभी असताना मागच्या सीटवर दोन्ही हात टेकून वजन टाकावे आणि एकदम सोडावे. सीट झटक्याने उसळून वर आली, वरचे टोक ओलांडून पुन्हा खाली गेली, तर रिबाउंड कमी आहे. लोणी वितळावे तशी ती रेंगाळत वर येत असेल, तर जास्त आहे. एका सलग हालचालीत वर येऊन ती तिथेच थांबली पाहिजे. पुढच्या बाजूला ब्रेक धरून हँडल दाबून हेच पाहावे. हा फक्त पहिला अंदाज आहे. खरा निकाल रस्ता देतो.

रिबाउंड कमी असेल तर गतिरोधकावरून उतरताना मागची बाजू स्वाराला सीटवरून उचलते, लांब वळणात गाडी डुलत राहते, आणि ब्रेक सोडताच पुढचा भाग उसळी मारतो. ही चिन्हे सहज ओळखता येतात. उलट रिबाउंड जास्त असण्याची चिन्हे फसवी असतात. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर कापते. रस्त्यावर एकेका मीटरवर उंचवटे असतील तर दोन उंचवट्यांमध्ये चाकाला खाली उतरायला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. रिबाउंड जास्त असेल तर तेवढ्यात स्प्रिंग पूर्ण उलगडत नाही, दुसरा उंचवटा तिला अर्धवट दाबलेल्या स्थितीत गाठतो, तिसरा त्याहून खाली, आणि पाच-सहा उंचवट्यांनंतर सस्पेन्शन जवळजवळ संपलेले असते. स्वाराला मात्र गाडी दगडासारखी कडक लागते, आणि तो कॉम्प्रेशन किंवा प्रीलोड कमी करायला धावतो.

सर्व्हिसिंगनंतर परत मिळालेल्या माझ्या गाडीचा मागचा रिबाउंड एकदा कोणीतरी पूर्ण बंद करून ठेवलेला होता. दोन आठवडे मी टायरची हवा कमी-जास्त करत होतो, कारण सिमेंटच्या रस्त्याच्या सांध्यांवर पहिला धक्का सौम्य आणि पाचवा पाठीत बसणारा असे का व्हावे ते उमगत नव्हते. अखेर क्लिक मोजायला बसलो आणि पेच आधीच टेकलेला सापडला. तेव्हापासून ‘पहिला धक्का बरा, पुढचे वाईट’ हे लक्षण दिसले की मी आधी रिबाउंड उघडून पाहतो.

जुळवण्याची रीत अशी: मूळ आकड्यावर एक फेरी, मग रिबाउंड मुद्दाम बराच कमी करून सावकाश एक फेरी, मग तितकाच जास्त करून एक फेरी. दोन्ही टोके अंगाला कळली की मधली जागा शोधणे सोपे जाते. मागचा झाला की पुढचा.

मग कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशनसाठी फोर्कच्या सरकत्या नळीवर एक प्लास्टिकची केबल टाय हलकी बसवावी आणि ती सीलला टेकवून ठेवावी. फेरी मारून आल्यावर ती जिथे सरकलेली दिसेल तिथवर फोर्क दाबला गेला होता. नेहमीच्या रस्त्यावर बरीचशी हालचाल वापरली जावी आणि शेवटचे १०-१५ मिलिमीटर मोठ्या खड्ड्यासाठी शिल्लक राहावे. टाय प्रत्येक फेरीत तळाला जाऊन बसत असेल आणि ब्रेक लावताच पुढचा भाग धसकन खाली जात असेल, तर कॉम्प्रेशन वाढवावे. टाय निम्म्यावरच थांबत असेल आणि प्रत्येक लहान गचका मनगटापर्यंत येत असेल, तर कमी करावे.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. बहुतेक पेच दट्ट्याच्या संथ हालचालीवर परिणाम करतात: ब्रेकखाली पुढचा भाग झुकणे, वळणात गाडी बसणे. धारदार काठाच्या खड्ड्यात दट्ट्या फार वेगाने हलतो आणि तेव्हा आतल्या चकत्यांचे राज्य असते, त्यामुळे तो धक्का पेच फिरवून फारसा मऊ होत नाही. हा वेग दट्ट्याचा आहे, गाडीचा नव्हे. सावकाश चालवतानाही खड्ड्याचा काठ दट्ट्याला वेगातच ढकलतो.

पुढचे आणि मागचे

पुढची बाजू खाली गेली की फोर्क अधिक उभा होतो आणि गाडी चटकन वळते, पण सरळ रस्त्यावर थोडी अस्थिर होते. मागची बाजू खाली गेली की उलट घडते. मागे कोणी बसल्यावर हँडल जड लागते, वळणात गाडी बाहेरच्या बाजूला सरकते आणि रात्री दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, ते याचमुळे. अशा वेळी आधी मागचा प्रीलोड वाढवावा आणि त्याच्या जोडीने रिबाउंडही एखादा टप्पा वाढवावा, कारण अधिक दाबलेली स्प्रिंग अधिक जोराने परत येते.

पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर मी पुढचे-मागचे कॉम्प्रेशन आणि रिबाउंड थोडे कमी करतो, म्हणजे भार टायरवर हळुवार येतो आणि खड्डेही कमी लागतात. ताम्हिणीत पावसात जाणाऱ्यांना हा फरक पहिल्या काही वळणांतच कळेल.

ज्या गाडीला पेच नाहीत

आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांना मागे फक्त प्रीलोडचे चार-पाच टप्पे असतात. त्यांनाही सॅग मोजण्याचा पूर्ण उपयोग होतो. दोन शॉकअप असतील तर दोन्हींचा टप्पा सारखाच ठेवावा. पुढच्या फोर्कचे डॅम्पिंग तेलाच्या घट्टपणावर अवलंबून असते. जुने, काळवंडलेले तेल बदलून पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे आणि मापाचे तेल भरले, तरच हरवलेले बरेचसे डॅम्पिंग परत येते. थोडे घट्ट तेल भरून ते वाढवता येते, पण मग कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्ही एकदम वाढतात, वेगवेगळे करता येत नाहीत. तेलाची पातळीही मनाने वाढवू नये: वरची हवा कोंडली जाऊन हालचालीच्या शेवटी फोर्क कडक होतो आणि सीलवर ताण येतो.

वहीच्या पानावर तारीख, टायरची हवा, प्रीलोड, पुढचे-मागचे क्लिक आणि त्या दिवसाची एक ओळ एवढे पुरते. माझ्या वहीत ‘एकटा, कोरडा रस्ता’, ‘दोघे’ आणि ‘पाऊस’ अशी तीन पाने आहेत. दोघांच्या प्रवासाहून परतलो की गाडी झाकण्याआधी पहिल्या पानावरचे आकडे पुन्हा लावून ठेवतो.